पियानोला बसताना टेप कोपराला लावा, उंचीला नव्हे

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतलाय आणि तो मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवलाय. आठ वर्षांचा मुलगा, त्या स्वतः आणि त्यांचे मिस्टर असे तिघं वाजवतात. ताईंची उंची पाच फूट, मिस्टरांची सहा. बसायला सुताराकडून वीस इंची लाकडी स्टूल करून घेतलं. आता मुलगा दहा मिनिटांत "खांदे दुखायलेत" म्हणून उठतो, ताईंची मान धरते आणि मिस्टरांचे गुडघे ड्रॉवरला आदळतात. त्यांनी विचारलंय, "तिघांना चालेल अशी स्टुलाची एकच उंची सांगा."

ताई, अशी एक उंची नाही. पण तिघांचं जमवता येतं, आणि त्यासाठी महागडं बेंच घ्यायलाच हवं असंही नाही. मी संभाजीनगरात बावीस वर्षं पियानो शिकवते. माझे वडील सुतार होते. त्यांची टेप आणि गुण्या हाताळतच मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे शिकवायला लागले त्या दिवसापासून टेप माझ्या पर्समध्ये असते. नवा विद्यार्थी आला की पहिल्या तासाला मी एकही सूर वाजवून घेत नाही, फक्त मापं घेते. काही पालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण चुकीच्या उंचीवर बसून दोन वर्षं वाजवलेल्या मुलांचे खांदे मी खाली आणलेत, आणि त्याला किती महिने लागतात ते मला माहीत आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबेल. टेप जवळ घेऊन वाचा.

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका, ती म्हणजे माणसाची उंची. पाच फूट की सहा फूट यावरून स्टुलाची उंची ठरत नाही. ती ठरते कोपरावरून. बसल्यावर आपलं कोपर बैठकीपासून किती वर येतं, ते धडाच्या आणि दंडाच्या लांबीवर अवलंबून असतं. माझ्याकडे दोन मैत्रिणी एकत्र शिकायला यायच्या, दोघी बरोबर पाच फूट तीन इंच. उभ्या राहिल्या की जोडीला जोड. बसल्या की एकीचं कोपर बैठकीपासून आठ इंचांवर, दुसरीचं दहावर. पहिलीचे पाय लांब, धड आखूड, दुसरीचं उलट. दोघींना एकाच स्टुलावर बसवलं असतं तर एकीचं मनगट कायम लोंबतं राहिलं असतं नाहीतर दुसरीची पाठ कायम वाकलेली.

माप असं घ्यायचं. कडक बैठकीवर बसा, गादी नको, खुर्चीला हात नकोत. ताठ बसा, पण छाती काढून नव्हे. भजनाला दोन तास बसायचंय म्हटल्यावर जसं बसाल तसं. दंड खांद्यापासून सैल सोडा आणि कोपरात काटकोन करा. दुसऱ्या कुणाला तरी बैठकीपासून कोपराच्या खालच्या हाडापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. स्वतःचं स्वतः मोजू नका, वाकून बघताना खांदा हलतो. तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा. मग जमिनीपासून पांढऱ्या पट्टीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मोजा. या उंचीतून कोपराचं माप वजा केलं की तुमच्या बैठकीची उंची निघते. कोपर पट्टीच्या पातळीत आलं की झालं. एखादं बोट वर असलं तर मला अधिक आवडतं. खाली मात्र नको, निदान शिकण्याच्या काळात तरी नको.

हा नियम काही माझ्या मनाचा नाही. फ्रान्सवा कूपरँ या फ्रेंच वादकाने १७१६ मध्येच लिहून ठेवलंय की कोपर, मनगट आणि बोटं यांची खालची बाजू एका पातळीत असावी. तो हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्याबद्दल बोलत होता, पण शरीर तेच आहे. त्याने आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती मी पुढे लहान मुलांपाशी सांगते.

आता ताई, तुमच्या घरचं बघू. मी फोनवर तुम्हाला टेप घ्यायला लावला आणि तुम्ही आकडे दिलेत. टेबल ३० इंच. त्यावर पियानो ठेवल्यावर पांढरी पट्टी जमिनीपासून साडेतेहतीस इंचांवर. इथेच सगळं दुखणं आहे. खऱ्या पियानोची पांढरी पट्टी जमिनीपासून साधारण साडेअठ्ठावीस ते एकोणतीस इंचांवर असते, म्हणजे ७२ ते ७४ सेंटीमीटर. तुमची पट्टी त्याहून साडेचार इंच वर बसली आहे. आता कोपरं बघा. मुलाचं बैठकीपासून सात इंच, तुमचं साडेआठ, मिस्टरांचं दहा. वीस इंची स्टुलावर बसल्यावर मुलाचं कोपर जमिनीपासून २७ इंचांवर, तुमचं साडेअठ्ठावीसवर आणि मिस्टरांचं तिसावर. तिघांचंही कोपर पट्टीच्या खाली. मुलाचं तर साडेसहा इंच खाली! ते लेकरू खांदे कानाला लावून वाजवतंय. दहा मिनिटं बसतं हेच खूप झालं.

म्हणून स्टुलाच्या आधी टेबल. हे मी सगळ्यांना सांगते, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत कीबोर्ड किंवा डिजिटल पियानो डायनिंग टेबलावर नाहीतर अभ्यासाच्या टेबलावर जातो, आणि दोन्ही साधारण तीस इंचीच असतात. ही उंची जेवायला आणि लिहायला ठीक आहे. वर साडेतीन-चार इंचांचं वाद्य चढलं की ते टेबल वाजवण्याच्या कामाचं राहत नाही. स्टूल उंच करून भागेल असं वाटतं, पण मग तुमच्या मुलाला साडेसव्वीस इंचांवर बसवावं लागेल. बँकेच्या काउंटरवर बसवल्यासारखं होईल ते.

टेबलाचे पाय साडेचार इंच कापून घ्या. टेबल आता पियानोचंच झालंय, मुलाचा अभ्यास जमिनीवर चौरंग घेऊनही होईल. सुताराला सांगा, चारही पायांवर गुण्याने रेघ मारून मगच करवत लावायची आणि खाली रबरी बुश ठोकायचे. पायांत दोन सूत जरी फरक राहिला तरी वाजवताना टेबल टकटक करतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तुमच्या सुताराला सांगायची गरज पडणार नाही. ड्रॉवर काढून टाका. त्याने टेबल डगमगायला लागेल, म्हणून मागच्या बाजूला पायांमध्ये एक आडवी पट्टी मारून घ्या. पुढे मारू नका, तिथे गुडघे येतात. हे झालं की पांढरी पट्टी २९ इंचांवर येईल आणि टेबलाची फळी एक इंची असल्याने खाली साडेचोवीस इंच मोकळी जागा मिळेल. मिस्टरांचा गुडघा बसल्यावर जमिनीपासून साडेबावीस इंच वर येतो असं तुम्ही सांगितलंत. दोन इंच सुटतात, पुरेसे आहेत.

टेबल कापायचं जिवावर आलं तर स्टँड घ्या. पण फुलीसारखा, दुमडणारा नको. त्याची फुली नेमकी गुडघ्यांमध्ये येते, उंच माणसाला पाय कुठे ठेवावे ते कळत नाही आणि जोरात वाजवलं की वाद्य डोलतं. चार पायांचा, टेबलासारखा स्टँड बघा.

आता गणित. पट्टी २९. मुलाला २९ वजा सात, म्हणजे २२ इंच. तुम्हाला साडेवीस. मिस्टरांना १९. बघा, सहा फुटी माणसाला सगळ्यात बुटकी बैठक लागते आणि आठ वर्षांच्या मुलाला सगळ्यात उंच. हे सांगितलं की लोक चकित होतात, पण कोपर डोळ्यांसमोर ठेवलं की लगेच पटतं.

बाजारात वरखाली होणारी बेंचं मिळतात. ती साधारण १८-१९ इंचांपासून २२ इंचांपर्यंत जातात, दोन्ही बाजूंना गोल मुठी असतात. परवडत असेल तर जरूर घ्या. नसेल तर तुमच्याकडे स्टूल आहेच. त्याचे पाय एक इंच कापून ते १९ करा, ते मिस्टरांचं. मग सुताराकडून १९ एमएम प्लायचे, स्टुलाच्या मापाचे चार तुकडे कापून घ्या. दोन-दोन एकमेकांवर फेविकॉलने चिकटवायचे आणि रात्रभर शिकंजात ठेवायचे. दोन तुकड्यांची एक फळी, ती बरोबर दीड इंचाची होते. एक फळी स्टुलावर ठेवली की साडेवीस, तुम्ही बसा. दोन ठेवल्या की बावीस, मुलगा बसेल. फळ्यांना खालून लाकडी खुंट्या आणि स्टुलाला व खालच्या फळीला त्यांची भोकं करून घ्यायची, म्हणजे फळी सरकणार नाही. खुंट्यांशिवाय नुसती फळी ठेवून मुलाला बसवू नका. आकडे असे गोल जुळले हा तुमच्या घरचा योग आहे. दुसऱ्या घरी सव्वा इंचाची एक आणि पाऊण इंचाची एक अशाही फळ्या मी करून घेतल्यात.

फळीवर गादी घालायचा मोह होईल. पातळ सतरंजीची घडी चालेल, कारण ती दाबल्यावर फारशी बसत नाही. गोधडी, उशी, मऊ फोम नको. फोमवर मिस्टर बसले तर ती दोन इंच खाली जाईल, मुलगा बसला तर पाऊण इंच. केलेलं सगळं गणित तिथेच मोडतं. विकतचं गादीचं बेंच असेल तर माप माणूस बसलेला असतानाच घ्यायचं. आणखी एक, रेक्झिनच्या बैठकीवर रेशमी साडी किंवा घसरता ड्रेस असला की माणूस हळूहळू पुढे सरकत राहतो आणि सावरण्यासाठी पाठ आवळतो. माझ्या एका विद्यार्थिनीला कार्यक्रमातच पाठदुखी व्हायची, सरावात कधी नाही. कारण एवढंच होतं. आता ती कार्यक्रमाला सुती चादरीचा तुकडा बरोबर नेते.

प्लास्टिकची मोल्डेड खुर्ची वापरू नये, हे एका वाक्यात सांगते: ती बुटकी असते, मागे उतरती असते, वजनाने वाकते आणि तिचे हात कोपराला अडवतात.

बैठक ठरली, आता पाय. इथे मी सगळ्यात हट्टी आहे. पियानो वाजवताना शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि दोन पायांवर असतो. पाय अधांतरी असले की तो भार कुठेतरी जायला हवा, आणि तो कमरेत आणि खांद्यांत जातो. कूपरँने हेच लिहिलंय, तीनशे वर्षांपूर्वी: मुलं वाढतात तसं त्यांच्या पायांखाली कमी-जास्त उंचीचं काहीतरी ठेवावं, म्हणजे पाय हवेत न राहता शरीर तोलून धरतील. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. मी चर्चच्या पियानोवर सराव करायचे तेव्हा ती एकदा बघायला आली होती. तिने पियानो आयुष्यात पहिल्यांदा बघितला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "काहून लटकायलं हे लेकरू? पायाखाली पाट दे की तिच्या." संगीतातलं काही न कळता तिने पाच मिनिटांत बघितलं होतं, जे मला शिकवणाऱ्यांच्या लक्षात वर्षभर आलं नव्हतं.

पायाखालच्या ठोकळ्याचं माप काढायला अनवाणी बसवून जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत मोजा. बैठकीच्या उंचीतून ते वजा करा आणि उत्तरातून आणखी दोन इंच काढा, कारण आपण बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसतो आणि मांड्या गुडघ्यांकडे थोड्या उतरत्या राहतात. तशाच राहायला हव्यात. तुमच्या मुलाची लवण तेरा इंचांवर आहे: २२ वजा १३, नऊ, त्यातून दोन गेले, सात इंच. तुमची पंधरावर: साडेवीस वजा १५, साडेपाच, त्यातून दोन, साडेतीन. आपला जेवायचा पाट दोन-तीन इंचांचा असतो, त्यावर सतरंजीची घडी टाकलीत की तुमचं काम झालं. मुलासाठी सात इंची खोका करून घ्या, दीड फूट लांब आणि फूटभर रुंद, आत पोकळ पण वरून भक्कम. पाय पूर्ण टेकायला हवेत, नुसते चवडे नाही.

टेबलावर ठेवायच्या डिजिटल पियानोचं पेडल सुटं असतं. ते त्याच पाटावर किंवा खोक्यावर ठेवायचं, म्हणजे टाच आणि पेडल एका पातळीत राहतील. पाटावर रबरी मॅट चिकटवा, नाहीतर पेडल पुढे पळतं आणि त्याच्या मागे माणूस. खऱ्या पियानोला हे जमत नाही, तिथे पेडलला जोडायची उंच करणारी पेटी मिळते. पण मुलाला पहिली दोन वर्षं पेडल लागतच नाही, तेव्हा घाई नको. आपण घरी अनवाणी वाजवतो आणि परीक्षेला बूट घालून जातो. बुटाची टाच इंचभर उंच असली तर गुडघा तेवढाच वर येतो आणि पेडलचा अंदाज चुकतो. परीक्षेला पुण्याला जाणाऱ्या माझ्या मुलांना मी शेवटचे पंधरा दिवस बूट घालूनच बसवते.

बैठक जवळ की लांब, हाही प्रश्न येणार आहेच. सामान्य अंगाच्या माणसासाठी सोपी खूण आहे: बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर ताठ बसायचं, हात समोर सरळ करायचे, मुठी वळायच्या. पट्ट्यांमागच्या उभ्या फळीला मुठी जेमतेम टेकल्या तर अंतर बरोबर. मग हात पट्ट्यांवर ठेवले की कोपर धडाच्या किंचित पुढे येतं आणि दोन्ही हात एका टोकाकडे नेताना अंगाला अडत नाही.

पण ही खूण भरल्या अंगाच्या माणसाला लागू पडत नाही. लातूरचे एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे येतात, साठीत पियानो शिकायला लागले. वजन शंभराच्या वर. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना कुणीतरी हीच मुठींची खूण शिकवलेली होती आणि ते इमानेइतबारे तसं बसत होते. डावा हात उजवीकडे न्यायचा म्हटलं की कोपर पोटाला अडायचं, मग ते सगळं अंगच वळवायचे. दोष आपल्या पोटाचा आहे असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना दोन इंच मागे घेतलं, गुडघे थोडे फाकवायला सांगितले आणि वेगळी खूण दिली: डावा हात उजव्या टोकाच्या पट्ट्यांपर्यंत न्यायचा, कोपर पोटाला न घासता गेलं की अंतर बरोबर. एवढ्याने त्यांचं निम्मं काम झालं. राहिलं बेंच. त्यांच्या घरी वरखाली होणारं हलकं बेंच होतं, त्याची बैठक वरखाली करणारी कात्री त्यांच्या वजनाने डुलत होती आणि ते नकळत मांड्यांनी तोल धरत होते. त्यांनी तिथल्या सुताराकडून तीस इंच रुंद, चौदा इंच खोल असं सागवानी बाक करून घेतलं. उंची ठरवून केलेली, हलायचं नाव नाही. मापाला करून घेतलेली वस्तू शरीराला किती मान देते ते त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. भरल्या छातीच्या बायकांना आणि गरोदरपणात हीच अडचण येते. माझी एक विद्यार्थिनी आठव्या महिन्यापर्यंत वाजवत होती, दर पंधरवड्याला आम्ही बेंच एक बोट मागे घ्यायचो.

पेटीवरून पियानोकडे येणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण मराठवाड्यात बहुतेकांची सुरुवात पेटीनेच होते. माझ्याकडे नांदेडचा एक मुलगा येतो, लहानपणापासून गुरुद्वाऱ्यात कीर्तनाला पेटीवर बसलेला. हात विलक्षण तयार. पण पेटीला एक हात भात्यावर असतो, मांडी घातलेली असते आणि वाद्य समोर खाली असतं. वरून खाली बघत, उजवा खांदा पुढे टाकून वाजवायची सवय. तो स्टुलावरही तसाच बसायचा, एक पाय दुमडून मांडीखाली घ्यायचा. मी त्याला रागावले नाही. त्याच्या बैठकीच्या मागच्या दोन पायांखाली चार सुताच्या पट्ट्या ठेवल्या, बैठक पुढे किंचित उतरती झाली. आपोआप माकडहाडावरून भार पुढे बैठकीच्या हाडांवर आला, पाठ सरळ झाली आणि पाय जमिनीला लागले. हा उपाय पोक काढून बसणाऱ्या कुणालाही करून बघा. चार सुतांपेक्षा जास्त नको, घसरायला होतं.

चूक झाली आहे हे शरीर सांगतंच, फक्त कुठे बघायचं ते कळायला हवं. बैठक बुटकी असेल तर खांदे वर चढतात, मनगट पट्टीच्या कडेखाली लोंबतं आणि मान व दंडाचा वरचा भाग दुखतो. उंच असेल तर माणूस पट्ट्यांवर ओणवा होतो, हातांवर रेलतो आणि कंबर धरते. लांब असेल तर हात ताणले जातात, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये ठणका लागतो. तुमच्या मानेचं कारण आता तुम्हाला कळलं असेल. पण महिन्याभराच्या योग्य बैठकीनंतरही हाताला मुंग्या येत असतील किंवा रात्री मनगट दुखत असेल तर स्टुलाशी खेळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

मोबाइलवर व्हिडिओ बघून मुलं मला ग्लेन गूल्डचं नाव सांगतात. हा कॅनडाचा थोर वादक वडिलांनी करून दिलेल्या घडीच्या खुर्चीवर बसायचा. ती जमिनीपासून जेमतेम चौदा इंच होती, आणि कोपर पट्टीच्या बरंच खाली. १९५३ पासून आयुष्यभर त्याने ती सोडली नाही, पियानोच ठोकळ्यांवर चढवून घ्यायचा. त्याला ज्या तऱ्हेने बोटं चालवायची होती तिला ती बैठक साजत होती. पण ती त्याच्या शरीराची आणि त्याच्या वाजवण्याची बैठक होती. त्यातून घ्यायचं ते एवढंच की त्याने आपली बैठक आपल्या मापाने करून घेतली आणि जगात जिथे गेला तिथे नेली.

ठोकळ्यांवरून आठवलं. एखाद्या घरी खरा उभा पियानो असेल, माणूस उंच असेल आणि गुडघे खाली मावत नसतील, तर पियानो वर उचलणं हाच उपाय उरतो. बैठक आणखी खाली नेली तर कोपर पडतं. चाकांखाली खाच केलेले लाकडी ठोकळे द्यायचे, इंच-दीड इंचाचे. पण हे घरच्या घरी करू नका. उभा पियानो दोनशे किलोच्या पुढे असतो आणि त्याचं वजन मागच्या बाजूला असतं, तो मागे कलंडतो. चार माणसं आणि पियानो हाताळलेला एक जाणकार असल्याशिवाय हात लावायचा नाही.

जुन्या पियानोबरोबर गोल फिरणारं स्टूलही येतं. छावणीतल्या ज्या चर्चमध्ये मी शिकले तिथे तसंच होतं, मधला स्क्रू गंजून अडकलेला. कित्येक वर्षं सगळे त्याच एका उंचीवर बसत होते, सहा वर्षांच्या मुलीपासून पाद्रीबाबांपर्यंत. वाळूजच्या एका फिटरने तो स्क्रू रॉकेलमध्ये भिजवून काढला, लेथवर आटे साफ करून दिले आणि पैसे घेतले नाहीत. स्टूल पहिल्यांदा फिरलं तेव्हा आम्ही मुलं रांग लावून फिरलो होतो. असं स्टूल तुमच्याकडे असेल तर पावसाळ्याआधी आट्यांना ग्रीस लावा. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, बाकांचे सांधे ढिले होतात. जून लागताच एकदा सगळे स्क्रू आवळून घ्या.

तुमच्याकडे आजी-आजोबा वाजवणार असतील तर चष्म्याकडे बघा. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून स्वरलेखन वाचायला माणूस हनुवटी वर करतो, मान मागे टाकतो, आणि मग कितीही बैठक जुळवली तरी मान दुखतेच. डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजा, साधारण दोन-सव्वादोन फूट भरेल, आणि तेवढ्या अंतरासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

हात लहान असण्याची तक्रार मात्र स्टूल मिटवू शकत नाही. पियानोचं एक सप्तक, सात पांढऱ्या पट्ट्या, साडेसहा इंचांचं असतं, आणि बहुतेक बायकांना आणि सगळ्या मुलांना ते मोठंच पडतं. योसेफ हॉफमान या नावाजलेल्या वादकासाठी स्टाइनवे या पियानो कंपनीने किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो करून दिले होते. साडेपाच आणि सहा इंची सप्तकाचे कीबोर्ड आजही बनतात, पण आपल्या बाजारात ते सहज मिळत नाहीत. लहान हाताला बैठक अर्धा इंच उंच घेतली की हात वरून उघडायला थोडं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. तेवढी सूट मी देते. ताई, तुमचे हात लहान असतील तर तुमच्या फळीवर सतरंजीची एक घडी वाढवून बघा आणि आठवडाभराने मानेला विचारा.

सुताराकडे जाताना हे आकडे कागदावर लिहून न्या: टेबल साडेचार इंच कमी, स्टूल एक इंच कमी, दीड इंचाच्या दोन फळ्या, सात इंची खोका. फळ्यांना खालच्या बाजूला नावं घाला, "आई" आणि "बाळ", म्हणजे घाईत उलटसुलट होणार नाही. वाजवायला बसणारा बदलला की फळी बदलायची आणि पाट सरकवायचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, मुलगा आठ दिवसांत तुमच्याआधी शिकेल. तीन-तीन महिन्यांनी त्याचं कोपर आणि लवण पुन्हा मोजा आणि त्याच्या फळीच्या पोटावर पेन्सिलने तारखेसह आकडा लिहा. कोपर अर्ध्या इंचाने वर सरकलं की बैठक तेवढीच खाली येईल. पण त्याच सुमारास लवणही वाढलेली असेल, म्हणून खोक्याचा हिशेब नव्याने करा, जुन्यात भर घालत बसू नका. पहिलं माप दिवाळीच्या सुट्टीत घ्या.